प्री-लाँच कार्यक्रमातून नेमके काय मिळवायचे? फोंड्यातील एका नवउद्योगाच्या प्रश्नाला उत्तर

फोंडा तालुक्यातील तीन तरुण अभियंत्यांनी आपला प्रश्न पुरेशा तपशिलासह मांडला आहे, त्यामुळे उत्तरही तपशिलात देता येते. त्यांनी कुळागरांसाठी, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागांसाठी, एक यंत्र तयार केले आहे. ते मातीतील ओलावा मोजते, त्यानुसार पंप चालू-बंद करते, पाण्याचे व्हॉल्व्ह उघडते आणि मिटते, आणि त्याची खबर मालकाच्या मोबाईलवर देते. ओळखीच्या काही बागायतदारांकडे ते बसवलेले आहे. गुढीपाडव्याला विक्री सुरू करायची आणि त्याच्या आठवडाभर आधी पणजीतील एका हॉटेलात दोनशे निमंत्रितांचा प्री-लाँच, म्हणजे विक्रीपूर्वीचा, कार्यक्रम करायचा, असा त्यांचा बेत आहे. मंत्र्यांच्या हस्ते अनावरण, पत्रकार परिषद आणि भोजन धरून त्यासाठी तीन लाख रुपये बाजूला काढले आहेत. तिघांपैकी एकाला हा खर्च वायफळ वाटतो. त्याच्या मते तेच पैसे जाहिरातीत घालावेत. एवढ्या लहान कंपनीला प्री-लाँच कार्यक्रमाचा खरोखर उपयोग होतो का, हा त्यांचा प्रश्न आहे.

उपयोग होतो, आणि पुष्कळ होतो. मात्र तुम्ही जो कार्यक्रम आखला आहे त्यातून तो होणार नाही. विक्रीपूर्वीच्या कार्यक्रमाची किंमत त्याच्या प्रसिद्धीत नसते. ती दोन गोष्टींत असते: वस्तू अजून बदलता येत असताना तिच्याविषयी कळलेली खरी माहिती, आणि अनोळखी माणसाने स्वतःच्या खिशाला हात घालून दिलेला शब्द. या दोन्ही गोष्टी मिळतील असा कार्यक्रम तीस-चाळीस माणसांचा असतो, तो हॉटेलात होत नाही आणि त्याला तीन लाख रुपये लागत नाहीत. तुमच्या तिसऱ्या सहकाऱ्याचा खर्चाविषयीचा आक्षेप बरोबर आहे. जाहिरातीचा उपाय मात्र चूक आहे, कारण जी वस्तू अजून अनोळखी बागेत तपासली गेलेली नाही तिची जाहिरात केल्याने तिचे दोषच अधिक लोकांपर्यंत लवकर पोहोचतात.

आधी तारखेविषयी बोलू, कारण बाकीचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. विक्रीच्या आठवडाभर आधी कोणी तुम्हाला सांगितले की, पेटीचे झाकण ओल्या हातांनी उघडत नाही, किंवा व्हॉल्व्हची तार उंदीर कुरतडतात, तर त्या माहितीचे तुम्ही काय करणार? यंत्रे तयार होऊन खोक्यांत भरलेली असतील. सर्किट बोर्डात एक छोटा बदल करायचा तरी नवा आराखडा, बोर्ड मागवणे, तो येणे, जोडणी आणि पुन्हा बागेतील चाचणी यांत काही आठवडे सहज जातात. पेटीचा साचा बदलायचा तर त्याहून अधिक. म्हणून कार्यक्रम आणि विक्री यांच्यात किमान आठ ते दहा आठवडे हवेत. गावच्या जत्रेतील नाटकाची रंगीत तालीम ज्या हेतूने होते, तोच हेतू इथे आहे. दिवे कुठे पडतात, प्रवेश कुठे अडखळतो, हे प्रयोगाआधी कळावे आणि सुधारायला वेळ उरावा, यासाठी ती असते. पाडव्याला विक्री करायची असेल तर हा कार्यक्रम जानेवारीच्या पूर्वार्धात व्हायला हवा. माघ उजाडला की कवळ्याची श्रीशांतादुर्गा, मंगेशी, म्हार्दोळ अशा जत्रा एकामागून एक येतात, आणि त्या दिवसांत फोंडा महालातील बागायतदाराला तुमच्यासाठी अर्धा दिवस काढणे अवघड जाते. तशी अपेक्षाही करू नये.

जानेवारीला आणखी एक कारण आहे. पावसाळा संपल्यावर काही काळ ओहोळ आणि झरे भरून वाहत असतात, पाटाचे पाणी पुरते आणि पाण्याचा प्रश्न कोणाच्या डोक्यात नसतो. तो प्रश्न टोचू लागतो तो पुढे, पाणी उतरू लागल्यावर. मार्च ते मे या काळात पोफळीला पाण्याचा ताण बसला तर त्याचे परिणाम पुढच्या पिकावर दिसतात, हे प्रत्येक कुळागरवाल्याला ठाऊक असते. जानेवारीत तो उन्हाळ्याच्या तयारीचा विचार करू लागलेला असतो आणि निर्णय घ्यायला त्याच्याकडे वेळही असतो.

जागेविषयी माझे मत ठाम आहे. कार्यक्रम कुळागरातच करा, आणि तेही तुमच्या नात्यातील किंवा मैत्रीतील कुळागरात नको. केरी, सावई-वेरे, प्रियोळ या बाजूला पंपावर शिंपणे होणाऱ्या बागा आहेत. त्यांपैकी एखाद्या मालकाला सकाळच्या तीन तासांसाठी बाग देण्याची विनंती करा आणि त्याचा योग्य मोबदला द्या. हॉटेलच्या सभागृहात तुम्ही टबात माती भरून ओलाव्याचा आकडा पडद्यावर दाखवाल आणि तो दर वेळी बरोबर येईल, कारण तिथे बिघडण्यासारखे काहीच नाही. कुळागरात मात्र पहिल्याच तासात खऱ्या अडचणी समोर येतात. डोंगराच्या कुशीतील सखल भागात मोबाईलचे नेटवर्क एका पोफळीखाली असते आणि दहा पावलांवर नसते. उन्हाळ्यात व्होल्टेज उतरते आणि पंप उचलत नाही. उष्ण, ओल्या हवेत पेटीच्या आत पाणी साचते, मुंग्या घर करतात. माकडांच्या टोळ्या नारळ सोडून तुमच्या तारांना लोंबकळतात. माळावरच्या एकपिकी शेतासाठी तयार झालेली कित्येक यंत्रे कुळागरात टिकत नाहीत त्याचे कारण हेच आहे, आणि तुमचे यंत्र टिकते की नाही हे पाहण्यासाठीच माणसांना तिथे बोलवायचे आहे.

आता कोणाला बोलवायचे. सगळ्या नियोजनातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि बहुतेक नवे उद्योजक नेमके याच ठिकाणी घाई करतात. निमंत्रितांची यादी करायला बसले की पहिली पन्नास नावे नातलग, मित्र, कॉलेजचे प्राध्यापक आणि हितचिंतक यांची होतात. ही माणसे प्रेमाने येतात, प्रेमाने कौतुक करतात आणि घरी जातात. त्यांचे कौतुक खरे असते, पण ते तुमचे असते, यंत्राचे नसते. त्यांना पाडव्याच्या पूजेला अवश्य बोलवा. या कार्यक्रमाला नको.

चाळीस माणसांपैकी निम्मे तुम्हाला न ओळखणारे बागायतदार असू देत. ते शोधणे कठीण नाही. गोवा बागायतदार सहकारी खरेदी-विक्री संस्थेत सुपारी घेऊन येणारे लोक, विभागीय कृषी कार्यालयात येणारे लोक, जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या प्रशिक्षणांना जाणारे लोक, यांच्याशी दोन-चार आठवडे बोलत राहिलात तर यादी आपोआप तयार होते. त्यांत असे चार-पाच जण मुद्दाम घ्या ज्यांनी पूर्वी ठिबक किंवा तत्सम व्यवस्था बसवून काढून टाकली आहे. ते का काढली हे सांगतील, आणि त्या सांगण्याचे मोल शंभर अभिनंदनांहून अधिक आहे. मग गावातले पंप दुरुस्त करणारे आणि वायरिंग करणारे दोन-तीन मेकॅनिक बोलवा. यंत्र बंद पडले की बागायतदार तुम्हाला फोन करण्याआधी त्याच्या नेहमीच्या मेकॅनिकला बोलावतो, आणि त्याने 'हे काढून टाका, सरळ स्विच लावतो' असे म्हटले की तुमचे गिऱ्हाईक गेले. मेकॅनिकला पेटी उघडता येते का, आतील जोडणी समजते का, सुटा भाग बदलता येतो का, हे त्याच्याच हातून पाहून घ्या.

सर्वांत शेवटी, पण सर्वांत अगत्याने, बागेत प्रत्यक्ष पाणी सोडणारी माणसे बोलवा. तुमच्या लिखाणात 'मालकाच्या मोबाईलवर' हे शब्द अनेकदा आले आहेत. आजच्या गोव्यात कुळागराचा मालक पुष्कळदा पणजीत, मडगावात नाहीतर मुंबईत असतो; बाग राखणारा माणूस वेगळा असतो, आणि तो अनेकदा परराज्यातून आलेला असतो. पैसे मालक देईल, पण यंत्र चालेल की अडगळीत पडेल हे राखणदार ठरवील. त्याला ते आपल्या कामावर गदा आणणारे वाटले, किंवा त्यावरील अक्षरे वाचता आली नाहीत, तर ते लवकरच 'बिघडेल'. त्याची मजुरी त्या दिवसापुरती भरून द्या, त्याला पाहुण्यासारखे बसवा आणि त्याच्याशी त्याला समजेल त्या भाषेत बोला.

वापरणारा आणि विकत घेणारा यांतील हा फरक मी एका वेगळ्या व्यवसायात फार जवळून पाहिला आहे. मासळी बाजारातील विक्रेत्या बायकांसाठी हिशेबाचे मोबाईल अॅप करणाऱ्या एका छोट्या कंपनीने विक्रीला बाहेर पडण्यापूर्वी अशीच एक बैठक घेतली होती. भाषणे नव्हती, बाजार उठल्यावर सात-आठ बायकांना बसवून प्रत्येकीच्या हाती फोन दिला आणि नेहमीची विक्री त्यात मांडायला सांगितली. पहिल्या बाईने बोट लावले, काही झाले नाही. हाताला पाणी आणि खवले. तिने पदराला बोट पुसले, पुन्हा लावले, आकडा भलताच उमटला. शेजारणीने हात पुसण्याऐवजी बोटाचे पेर वापरून पाहिले. तिसरीने फोन बाजूला ठेवला आणि म्हणाली, गिऱ्हाईक उभे असताना हात पुसत बसले तर ते पुढच्या पाटीकडे जाईल. अॅपमधील हिशेब अचूक होता, रंगसंगती सुंदर होती आणि कार्यालयात वाळल्या हातांनी ते महिनोन्‌महिने व्यवस्थित चालत होते. त्या अर्ध्या तासानंतर कंपनीने पडद्यावरचा खटाटोप काढून मोठ्या उठावदार बटणांचे साधे उपकरण करायचे ठरवले. तोवर छपाई, जाहिरात, वितरण यांवर फारसे काही खर्च झालेले नव्हते, म्हणूनच तो निर्णय घेणे त्यांना परवडले.

तुमच्या कार्यक्रमाची रचनाही तशीच असावी. सुरुवातीला पाच मिनिटांत आपण कोण आणि यंत्र काय करते एवढेच सांगा. मग बंद खोके आणि माहितीपत्रक चार-चार जणांच्या गटाकडे द्या आणि ते त्यांनाच बसवू द्या. तुम्ही तिघांनी त्या वेळी हात मागे बांधून उभे राहायचे. हे फार कठीण जाते. कोणी चुकीची तार हातात घेतली की सांगायला जीव कासावीस होतो. पण ज्या क्षणी तुम्ही 'नाही नाही, ती निळी' असे म्हणता, त्या क्षणी तुम्हाला कळणारे ज्ञान संपते, कारण उद्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या बागेत निळी तार दाखवायला तुम्ही नसणार. तुमच्यापैकी एकाने बोलायचे नाही, फक्त लिहायचे: कोण कुठे थांबले, कोणी काय विचारले, कोणता शब्द समजला नाही, कोणी पत्रक उघडलेच नाही. धोका फक्त विजेचा आहे. मुख्य प्रवाहाची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि तिथे कोणालाही हात लावू देऊ नका.

प्रश्न विचारतानाही काळजी घ्यावी लागते. 'तुम्हाला हे आवडले का' किंवा 'तुम्ही हे घ्याल का' या प्रश्नांना आपल्याकडे भिडेपोटी होकारच मिळतो, विशेषतः समोर जेवणाची पाने मांडलेली असताना. त्यापेक्षा मागच्या उन्हाळ्याविषयी विचारा. पाणी कोण सोडत होते, रात्री पंप लावायला कोण उठत होते, किती झाडे सुकली, मजुरीवर किती गेले, पंप जळला तेव्हा काय केले. भविष्याविषयी माणूस सौजन्याने बोलतो, भूतकाळाविषयी आठवणीने बोलतो. बोलणे कोंकणीत होऊ द्या, कारण बागेतले शब्द त्याच भाषेत सहज येतात; छापील पत्रक मराठीत आणि कोंकणीत ठेवा, आणि राखणदारासाठी चित्रांचे वेगळे पान करा.

यानंतर येतो पैशाचा भाग, आणि तो टाळू नका. कार्यक्रमाच्या शेवटी किंमत स्पष्ट सांगा आणि नोंदणी खुली करा. रक्कम लहान असू दे, हजार रुपये पुरे, पण ती खरी असू दे. मागता क्षणी परत मिळेल असे पावतीवर लिहा. चाळीसपैकी सहा अनोळखी माणसांनी हजार रुपये काढून दिले तर ती गोष्ट तुमच्या उत्पादनाविषयी जेवढे सांगते, तेवढे दोनशे जणांच्या टाळ्या सांगू शकत नाहीत. एकानेही दिले नाहीत, तर तेही जानेवारीतच कळणे एप्रिलमध्ये कळण्यापेक्षा कितीतरी चांगले. ज्यांनी दिले नाहीत त्यांना कारण विचारा आणि ते वाद न घालता लिहून घ्या.

आगाऊ रक्कम घेताना कायद्याची काही बंधने पाळावी लागतात. तुमची कंपनी नोंदणीकृत असल्यामुळे, मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम 365 दिवसांत मालाच्या पुरवठ्यात वळती झाली नाही तर 2014च्या ठेवीविषयक नियमांनुसार ती ठेव समजली जाऊ शकते, आणि ठेवी स्वीकारण्याचे नियम कडक आहेत. मालाच्या आगाऊ रकमेवर त्याच वेळी जीएसटी भरावा लागत नाही, तो माल पुरवताना लागतो; सेवेच्या आगाऊ रकमेवर मात्र लागतो. म्हणून यंत्राची किंमत आणि वार्षिक देखभालीचे शुल्क एकाच पावतीत मिसळू नका. हे तपशील तुमच्या सनदी लेखापालाकडून आधी तपासून घ्या.

नोंदणी म्हणजे वचन, आणि वचनाचे ओझे किती असते याची मोठी उदाहरणे आपल्यासमोर आहेत. ओला इलेक्ट्रिकने जुलै 2021 मध्ये 499 रुपयांत स्कूटरची नोंदणी उघडली आणि चोवीस तासांत एक लाख नोंदण्या झाल्याचे जाहीर केले. पुढे ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायची डिलिव्हरी डिसेंबरात सुरू झाली, आणि मधल्या काळात चर्चा नोंदणीच्या विक्रमापेक्षा विलंबाचीच अधिक झाली. त्यांच्याकडे तो काळ निभावून नेण्याइतके भांडवल होते, तुमच्याकडे नाही. किमतीचेही तसेच. टाटा नॅनो जानेवारी 2008 मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवली गेली आणि प्रत्यक्ष बाजारात मार्च 2009 मध्ये आली. मधल्या काळात कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, कच्च्या मालाचे भाव बदलले, तरी 'एक लाखाची गाडी' हे शब्द लोकांच्या मनातून हलले नाहीत. जाहीर केलेली किंमत मागे घेता येत नाही. म्हणून जानेवारीत जी किंमत सांगाल ती पुढच्या वाढीचा विचार करून सांगा, आणि नोंदणी तेवढीच घ्या जेवढी यंत्रे पाडव्यापर्यंत तुम्ही स्वतः जाऊन बसवू शकता. वीस म्हणजे वीस. एकविसाव्या माणसाला नम्रपणे प्रतीक्षायादीत घ्या.

पाण्याच्या बचतीचा जो टक्का तुम्ही पत्रकात छापणार आहात, तोही सध्या बसवलेल्या बागांत मीटर लावून मोजलेला असेल तरच छापा. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट ही की, फोंड्यासारख्या ठिकाणी एका बागेत खोटा ठरलेला आकडा आठवड्यात सगळ्या बागांत पोहोचतो.

आता अशा एका मुद्द्याकडे वळतो जो तुमच्या प्रश्नात आलेलाच नाही आणि ज्याची मला सर्वाधिक काळजी वाटते. व्हॉल्व्हची रचना स्वतःची आहे असे तुम्ही लिहिले आहे, पण पेटंट अर्जाचा उल्लेख केलेला नाही. भारतीय पेटंट कायदा, 1970 नुसार अर्जापूर्वी शोध लोकांसमोर उघड झाला तर त्याचे नावीन्य संपते. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडल्यास बारा महिन्यांची सवलत मिळते. तुमचा स्वतःचा कार्यक्रम त्यात बसत नाही. सार्वजनिक जागेतच करावी लागणारी वाजवी चाचणी असेल तर तिच्यासाठी मर्यादित सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. निमंत्रणे पाठवण्यापूर्वी तात्पुरत्या विनिर्देशासह, म्हणजे शोधाच्या प्राथमिक वर्णनासह, अर्ज दाखल करा; पूर्ण विनिर्देश देण्यासाठी त्यानंतर बारा महिने मिळतात, आणि मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी ऑनलाईन अर्जाचे मूळ शुल्क 1600 रुपये आहे. पेटंट प्रतिनिधीची फी वेगळी पडेल, ती द्या. पेटीचा आकार वैशिष्ट्यपूर्ण असेल तर डिझाईन नोंदणीचा अर्ज आणि नावासाठी व्यापारचिन्हाचा अर्जही कार्यक्रमाआधीच व्हावा. हॉटेलातील रोषणाईवर जे पैसे जाणार होते त्यांचा याहून चांगला विनियोग मला दिसत नाही.

गुंतवणूकदारांना बोलवावे का, असे तुम्ही विचारले आहे. एक-दोघांना अवश्य बोलवा, पण प्रेक्षक म्हणून. साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधील अटल इन्क्युबेशन सेंटर, फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयातील 'फायर', वेर्ण्याचे 'सिबा' यांपैकी ज्या इन्क्युबेटरशी, म्हणजे नवउद्योगांना आधार देणाऱ्या केंद्राशी, तुमचा संबंध आहे तिथला जाणकार माणूस मागे उभा राहून सारे पाहू दे. अनोळखी बागायतदार तुमचे यंत्र स्वतः बसवतो आहे आणि पैसे देतो आहे, हे दृश्य त्याला कोणत्याही सादरीकरणापेक्षा अधिक पटेल. मात्र 'कंपनीचे शेअर घ्या' असे आवाहन पडद्यावर, पत्रकात किंवा भाषणात चुकूनही करू नका. कंपनी कायदा, 2013च्या कलम 42 खाली शेअरच्या खाजगी वाटपासाठी जाहीर आवाहन चालत नाही. ठरावीक, नावानिशी निवडलेल्या व्यक्तींनाच प्रस्ताव देता येतो. भांडवलाची बोलणी नंतर, बंद खोलीत, कागदपत्रांसह करा.

उपस्थितांचे फोन क्रमांक घेताना ते कशासाठी वापरणार हे तिथेच लिहून संमती घ्या. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची तशी दिशा आहेच, शिवाय बागायतदाराला रोज जाहिरातीचे संदेश पाठवून त्याचा विश्वास घालवण्यात काही अर्थ नाही.

तुम्ही सध्या पंपाचे साधे टायमर विकता आणि त्यावरच घरखर्च चालतो, असे शेवटी एका ओळीत लिहिले आहे. ती ओळ महत्त्वाची आहे. 1983 मध्ये अमेरिकेतील ऑस्बोर्न कॉम्प्युटर या कंपनीने नवे मॉडेल हाती येण्याआधीच त्याचा गाजावाजा केला, विक्रेत्यांनी जुन्या मॉडेलच्या मागण्या थांबवल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्या बुडण्यामागे इतरही कारणे होती. तरी नव्याच्या घोषणेने जुन्याची विक्री थांबते, हे लहान कंपनीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. तुमचा मोठा कार्यक्रमच जानेवारीत आणलात, तर दोनशे माणसे आणि वर्तमानपत्रातील बातमी यांचा पहिला परिणाम तुमच्या टायमरच्या विक्रीवर होईल, आणि पाडव्यापर्यंतचे दोन-तीन महिने उत्पन्न आटेल. चाळीस माणसांच्या शांत कार्यक्रमात हा धोका बराच कमी आहे. शिवाय आता टायमर घेणाऱ्याला पुढे नवे यंत्र घेताना ठरावीक सूट देण्याचे जाहीर करा, म्हणजे कोणी थांबून राहणार नाही.

मंत्री आणि पत्रकार यांना माझा विरोध नाही; त्यांची वेळ वेगळी आहे. गोव्यातील मराठी दैनिके स्थानिक तरुणांच्या उद्योगाला आपुलकीने जागा देतात, आणि ती जागा एकदा मिळते. बातमी वाचून फोन करणाऱ्याला 'दोन महिन्यांनी या' असे सांगावे लागले तर तो पुन्हा फोन करत नाही. बातमी त्या दिवशी यावी ज्या दिवशी यंत्र विकत मिळते आणि ते वापरणारे दहा-वीस बागायतदार पत्रकाराशी स्वतः बोलू शकतात.

तुमच्या एका सहकाऱ्याने विचारले आहे की, मग मोठमोठ्या कंपन्या हजारोंच्या प्रतीक्षायाद्या कशा करतात. त्या बहुधा सॉफ्टवेअरच्या असतात. ड्रॉपबॉक्सच्या संस्थापकाने 2008 मध्ये आपले सॉफ्टवेअर कसे चालते हे दाखवणारी काही मिनिटांची चित्रफीत नेमक्या जाणकार प्रेक्षकांसमोर ठेवली आणि चाचणी आवृत्तीची प्रतीक्षायादी एका रात्रीत सुमारे 5,000 वरून 75,000 वर गेली. त्या कंपनीला सभागृहाची गरज नव्हती, कारण वस्तू पडद्यावरच वापरायची होती. तुमची वस्तू मातीत रोवायची आणि पाण्यात टिकायची आहे, म्हणून माणसांना तिच्याजवळ नेण्यावाचून पर्याय नाही. चित्रफीत जरूर करा, पण ती या कार्यक्रमात बागायतदारांच्या संमतीने चित्रित करा आणि विक्रीच्या दिवसासाठी राखून ठेवा.

खर्चाचा अंदाज देतो. बागेचा मोबदला, शामियान्याऐवजी साध्या खुर्च्या, साधे जेवण, येण्याजाण्याची सोय, मजुरांची भरपाई, पत्रके आणि प्रात्यक्षिकाची यंत्रे धरून हे सारे पाऊण ते एक लाखात बसायला हवे. पेटंट, डिझाईन आणि व्यापारचिन्ह यांना त्यातून वेगळी रक्कम काढा. उरलेले पैसे कार्यक्रमात सापडलेले दोष दुरुस्त करण्यासाठी हात न लावता ठेवा, कारण दोष सापडणारच आहेत आणि ते दुरुस्त करायला पैसे उरले नाहीत तर ते शोधून काढण्याचा उपयोग होणार नाही.

कार्यक्रमानंतरचे तीन दिवस मोकळे ठेवा. पहिल्या दिवशी तिघांनी आपापल्या नोंदी स्वतंत्रपणे वाचून काढा आणि मगच एकत्र बसा. आधी चर्चा केली तर ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण खरी ठरते. दोषांपैकी कोणते पाडव्याआधी सुटतील, कोणते सुटणार नाहीत, याची यादी करा. नोंदणी केलेल्यांना आणि न केलेल्यांनाही फोन करून काय बदलणार आहोत ते सांगा. ज्याने नकार दिला त्याचीच सूचना तुम्ही अमलात आणली हे त्याला कळले, तर पुढच्या हंगामात तोच तुमची वाट पाहील.

मुख्य दोष पाडव्यापर्यंत सुटणार नसेल तर विक्रीची तारीख पुढे ढकला आणि नोंदणीचे पैसे परत हवेत का हे प्रत्येकाला विचारा. पाडव्याला पूजा करून फक्त नोंदणी केलेल्यांपैकी तयार असलेल्या दोन-चार जणांकडे यंत्रे बसवा, ती पावसाळाभर बागेतच राहू द्या आणि दर पंधरवड्याला पेटी उघडून आत ओल शिरली आहे का ते पाहा. कुळागरातील पुढचा शिंपण्याचा हंगाम पाऊस ओसरल्यावर सुरू होतो, म्हणजे खुल्या विक्रीसाठी दसरा-दिवाळीचा मुहूर्त तुमच्याकडे उरतोच, आणि तोपर्यंत गोव्याचा एक अख्खा पावसाळा सोसलेले यंत्र दाखवायला तुमच्या हाती असेल.